वाचक विचारतात : पाणथळ, बदकं आणि पक्ष्यांची मोजणी

सिडको, नाशिक : दर हिवाळ्यात एकदा तरी घरचे सगळे नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जातो. अकराच्या सुमारास पोचतो. लांब पाण्यावर काळे ठिपके दिसतात आणि आम्ही परततो. आमचं काय चुकतं?

चुकते ती वेळ. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातनंतर उगवतो, म्हणजे नाशिकहून साडेपाचला निघायला हवं. दहा वाजून गेले की पाण्यावरची हवा तापून थरथरू लागते, आणि मग दुर्बीण कितीही भारी असली तरी लांबचा पक्षी हलत्या डागासारखाच दिसतो. भरल्या पोटी बदकंही तोवर पाण्याच्या मध्यावर जाऊन डोकं पाठीत खुपसून बसतात. सकाळी जमत नसेल तर दुपारी साडेतीननंतर जा. अकरा ते तीन हा वेळ जेवणासाठी ठेवा.

दुसरी गोष्ट पाण्याची पातळी. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर बंधारा झाला, त्यात वर्षानुवर्षं गाळ साचला आणि उथळ डबकी, चिखल, बेटं, पाणवनस्पती तयार झाल्या. पक्षी येतात ते या गाळासाठी. जागेला १९८६ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२० मध्ये ती महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारानुसार महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा, ठरली. पण गंगापूर-दारणा धरणांतून पाण्याचं आवर्तन सुटलं की पाणी चढतं, चिखल बुडतो आणि तुतारी, शेकाट्यासारखे चिखलात चोच घालणारे पक्षी दुसरीकडे सरकतात. तेव्हा निघण्याआधी चापडगावच्या बाजूला कुणी ओळखीचं असेल तर पाणी कसं आहे ते विचारून घ्या.

पक्षी पाहण्याच्या मनोऱ्यावर चढल्यावर ऊन पाठीशी येईल अशी बाजू धरा. समोरून ऊन असेल तर प्रत्येक पक्षी काळाच दिसणार. निफाडची थंडी तुम्हाला माहीतच आहे : कानटोपी आणि हातमोजे न्या, कारण गारठलेल्या हातात दुर्बीण स्थिर राहत नाही. कपडे मातकट रंगाचे असावेत.

देवळाली कॅम्प : ऑनलाइन २०x५० दुर्बीण मागवली. चित्र हलतं, डोकं दुखतं. बदलून कोणती घ्यावी?

८x४२ घ्या. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसते, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. २० पट मोठं करताना तुमच्या हाताची थरथरही २० पट होते. शिवाय दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागा : ५० भागिले २० म्हणजे अडीच, ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच. डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताची ही जाडी, मिलिमीटरमध्ये. पहाटेच्या अंधुक उजेडात अडीचचा झोत अपुरा पडतो. लालभडक लेप दिलेली भिंगं मुळीच घेऊ नका, रंग खोटे दिसतात. झूमची दुर्बीणही नको.

डोकेदुखीचं कारण मात्र बहुतेक वेळा दुर्बीण डोळ्यांना न जुळवणं हे असतं. आधी दोन्ही नळ्या जवळ-दूर करून दोन वर्तुळांचं एकच वर्तुळ करा. मग उजवा डोळा मिटून, मधलं चाक फिरवत, पन्नासेक फुटांवरची पाटी डाव्या डोळ्यानं स्पष्ट करा. आता डावा डोळा मिटा आणि मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या नळीवरची कडी फिरवून तीच पाटी उजव्या डोळ्यानं स्पष्ट करा. ती कडी पुन्हा हलवायची नाही, पुढे फक्त मधलं चाक. चष्मा असेल तर डोळ्याकडची रबरी वाटी आत दाबा किंवा दुमडा, नाहीतर अर्धंच दृश्य दिसेल. आणि पक्षी शोधताना दुर्बिणीतून शोधू नका. नजर पक्ष्यावर खिळवून ठेवा आणि तशीच दुर्बीण डोळ्यांपुढे आणा.

निफाड : सगळी बदकं एकसारखीच तपकिरी वाटतात. पुस्तकातल्या चित्राशी एकही जुळत नाही.

तुम्ही ऑक्टोबर-नोव्हेंबरात गेला असाल. स्थलांतर करून आलेले नर तेव्हा विणीनंतरच्या फिक्या पिसाऱ्यात असतात, माद्यांसारखेच दिसतात. चित्रातला झगझगीत नर डिसेंबर-जानेवारीत दिसू लागतो. तोवर रंग सोडा आणि चोच, मान व वागणं पाहा.

सुरुवात वारकऱ्यापासून करा. तो संख्येनं भरपूर, जवळ येणारा, आणि मुळात बदक नव्हेच, पाणकोंबडीच्या कुळातला आहे. काळंभोर अंग, पांढरी चोच आणि कपाळावर पांढरा टिळा. पोहताना मान पुढे-मागे डुलते. उडायचं झालं की आधी पाण्यावर पाय आपटत धावतो. हा एकदा डोळ्यांत बसला की बाकीच्यांचा आकार त्याच्याशी ताडून पाहता येतो.

मग हळदीकुंकू बदक, जे बारमाही इथलंच आहे. त्याचं नावच ओळख सांगतं : काळ्या चोचीचं टोक हळदीचं, मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके. नर-मादी जवळपास सारखे, त्यामुळे पिसाऱ्याचा घोळ नाही. पाच मिनिटं एकाच पक्ष्यावर दुर्बीण धरा. तो डोकं पाण्यात घालून शेपूट वर करतो, तेव्हा केशरी-लाल पाय दिसतात. पंख उघडला तर हिरवी चकाकती पट्टी दिसते.

थापट्याची चोच टोकाला उलथन्यासारखी रुंद असते. ती पाण्याला टेकवून तो चाळत चाळत पुढे जातो, कधी चार-सहा जण एकामागे एक गोल फिरतात. मादी तपकिरी असली तरी ही चोच लपत नाही. तलवार बदकाची मान लांब, सडपातळ, शेपूट टोकदार. भुवई बदक यांच्यात लहान, नराच्या डोळ्यावरून मानेपर्यंत पांढरी कोयरीसारखी भुवई. चक्रवाक तर भगवा असतो आणि वाळूच्या पट्टीवर जोडीनं उभा दिसतो, त्याला कुणी चुकणार नाही.

एका फेरीत या सहांपेक्षा जास्त शिकायचा हट्ट नको. जागेवरच वहीत चोचीचं रेखाटन करा, वाकडंतिकडं चालेल. घरी येऊन फोटो मोठा करून ओळखलेला पक्षी महिन्याभरात विसरतो, स्वतः काढलेली चोच विसरत नाही.

सिन्नर, शिक्षिका : शाळेत पक्षी गणना घ्यायची आहे. कधी आणि कशी?

राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो, अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनापासून पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिनापर्यंत. मुलांना ओळख करून द्यायला तो उत्तम. प्रत्यक्ष मोजणीसाठी फेब्रुवारीतली चार दिवसांची ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही जगभर होणारी पक्षीगणना धरा, भारतात ती २०१३ पासून होते. एका जागी किमान १५ मिनिटं मोजायचं आणि यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरायची. खातं मुलांचं नको, तुमचं वापरा.

पाच-पाच मुलांचे गट करा : दोघं बघणारी, एक मोजणारा, एक लिहिणारा, एक घड्याळ सांभाळणारा. सकाळची प्रार्थना होण्याआधीचा वेळ निवडा. घोळ होतो तो असा : एकच घार शाळेवर घिरट्या घालते आणि पाच गट पाच घारी लिहितात. म्हणून नियम सांगा, एका वेळी एकत्र दिसलेली जास्तीत जास्त संख्या तेवढीच लिहायची. साळुंक्यांचा थवा आला तर आधी दहा मोजा, दहाचा थवा डोळ्यांना किती जागा व्यापतो ते बघा आणि तसे किती ठोकळे बसतात ते मोजा. आकडा अंदाजे असला तरी लिहा, नुसती फुली टाकू नका. ओळखू न आलेला पक्षी 'अनोळखी' म्हणूनच राहू द्या, मुलांना तो मान्य करायला शिकवणं फार मोलाचं आहे.

ओळखलेले सगळे पक्षी लिहिले का, असं ई-बर्ड शेवटी विचारतं. 'हो' म्हणायचं असेल तर कावळा आणि चिमणीसुद्धा यादीत हवीत. नेमका इथेच बहुतेकांचा हात आखडतो. पण चिमण्या वाढल्या की घटल्या हे कळतं ते अशा याद्यांवरूनच. जमलं तर दर शनिवारी त्याच जागी, त्याच वेळी हीच १५ मिनिटं करा.

पंचवटी : मोबाइलमधलं ॲप आवाजावरून चौदा पक्षी सांगतं. सगळे यादीत घ्यावेत?

नाही. ॲपचं उत्तर ही सूचना समजा आणि पक्षी दिसल्यावर किंवा आवाज स्वतः ओळखल्यावर लिहा. खाटीक आणि कोतवाल दुसऱ्या पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतात. आणि त्याच मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर बोलावू नका. विणीच्या काळात नर घरटं सोडून त्या खोट्या प्रतिस्पर्ध्यामागे धावतो.

जुने नाशिक : संक्रांतीला मांजात अडकलेला पक्षी सापडला तर?

आधी त्याच्यावर सुती कापड टाकून डोळे झाका, तो शांत होतो. मांस कापत आत गेलेला मांजा ओढून काढू नका, दोन्ही बाजूंनी कात्रीनं कापून आखूड करा. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात कापड अंथरून ठेवा, झाकण लावा आणि खोकं उबदार, अंधाऱ्या, शांत जागी असू द्या. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. दूध-भात भरवू नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. खोक्यावर सापडल्याची जागा आणि वेळ लिहून ठेवा, कारण बरा झाल्यावर त्याला शक्यतो त्याच भागात सोडायचं असतं.