वस्ती माहीत असलेला बातमीदार

प्रश्न : परदेशी मालिकांत अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची वस्ती म्हणजे गोळीबार आणि अमली पदार्थ, एवढेच दिसते. तेथील वृत्तपत्रांनीही हेच चित्र रंगवले काय? कृष्णवर्णीयांच्या स्वतःच्या वृत्तपत्रांत काय छापून येत असे?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : आपण भुसावळचे, तेव्हा रेल्वेपासूनच सुरुवात करू. १९०५ मध्ये रॉबर्ट अ‍ॅबट यांनी घरमालकिणीच्या स्वयंपाकघरातील टेबलावर कृष्णवर्णीयांचा ‘शिकागो डिफेन्डर’ सुरू केला. दक्षिणेकडील राज्यांत तो उघडपणे विकणे जोखमीचे असल्याने, रेल्वेच्या शयनयान डब्यांतील कृष्णवर्णीय सेवक त्याचे गठ्ठे आपल्याबरोबर नेत. तेथे न्हाव्याच्या दुकानात एक जण मोठ्याने वाची आणि बाकीचे ऐकत. जमावाने केलेल्या हत्यांच्या बातम्यांबरोबर उत्तरेतील नोकऱ्यांची माहिती आणि गाड्यांच्या वेळाही त्यात असत. म्हणजे ज्यांनी शहर पाहिलेच नव्हते, त्यांच्यासाठी ते रोजगाराचे ठिकाण होते. मात्र याच पत्राने नव्याने आलेल्या खेडूतांना रस्त्यात डोक्याला फडके बांधून फिरू नका, मोठ्याने बोलू नका, असेही बजावले. पुण्याच्या बसमध्ये घरचा फोन आला की अहिराणी बोलताना आवाज खाली नेणाऱ्या आपल्या मुलांना त्यामागचा संकोच समजावून सांगावा लागणार नाही.

मोठ्या वृत्तपत्रांविषयी म्हणाल, तर १९६७ मध्ये अमेरिकी शहरांत झालेल्या वांशिक दंगलींनंतर सरकारने नेमलेल्या कर्नर आयोगाने १९६८ च्या अहवालात स्पष्ट ठपका ठेवला, की ती गोऱ्यांच्या जगातून पाहून लिहितात. पारा पंचेचाळिसावर गेला की मुंबईच्या पत्रांना भुसावळ आठवते, तसाच हा प्रकार.

पण बातमीदार कृष्णवर्णीय असला की चित्र आपोआप बदलते, असेही नाही. १९८० मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या जॅनेट कुक या कृष्णवर्णीय बातमीदार महिलेने हेरॉइनच्या आहारी गेलेल्या आठ वर्षांच्या मुलाची कहाणी लिहिली. पोलिसांनी शहरभर शोध घेऊनही मुलगा सापडला नाही, कारण तो नव्हताच. तरीही १९८१ मध्ये त्या कहाणीला पत्रकारितेतील मानाचा पुलित्झर पुरस्कार जाहीर झाला आणि दोन-तीन दिवसांतच तो परत करावा लागला. त्याआधीच एक कृष्णवर्णीय सहकारी तिच्याबरोबर मोटारीने त्या भागात फिरला होता आणि हिला ही वस्ती ठाऊकच नाही, हे त्याने ओळखले होते. त्याने वरिष्ठांच्या कानावर ते घातलेही होते.