खूप वर्षांनी कन्फेशनला जातोयस? घाबरू नकोस

अरे, खूप वर्षांनी चर्चमध्ये फादरांसमोर आपली पापं कबूल करायला जातोयस म्हणून एवढं टेन्शन घेऊ नकोस. आत गुडघे टेकलेस की क्रूसाची खूण कर आणि सरळ सांग, फादर, बऱ्याच वर्षांनी आलोय, नीट आठवत नाही, मदत करा. पुढचं ते सांभाळून घेतात. समोरासमोर बसायला लाज वाटत असेल तर जाळीमागून बोल, तो तुझा हक्क आहे.

जमलं तर ईस्टरच्या आधीच्या गर्दीत जाऊ नकोस, रांग मोठी असते आणि मन लागत नाही, एखाद्या साध्या दिवशी फादरांची वेळ विचारून घे.

आणि हो, सासू असं वागली म्हणून मी तसं बोललो वगैरे लांबण लावू नकोस, फक्त आपलं सांग. गंभीर पाप असेल तर काय आणि साधारण किती वेळा एवढं पुरे, बारीकसारीक वर्णन नको. एखादं खरंच विसरलास तरी त्याचीही क्षमा झालेली असते, आठवलं की पुढच्या वेळी सांग, पण मुद्दाम लपवू नकोस.

गुपित फुटण्याची भीती तर अजिबात नको, कॅनन लॉ म्हणजे चर्चचा कायदा, त्याच्या कलम ९८३ प्रमाणे धर्मगुरूला ते कुठल्याही कारणाने उघड करता येत नाही. पोप फ्रान्सिसनी तर २०१३ मध्येच धर्मगुरूंना बजावलंय, कन्फेशनची जागा छळाची कोठडी होता कामा नये.

फादर जे प्रायश्चित्त देतील ते त्याच दिवशी कर, आणि ज्या भावाशी अबोला धरलायस ना, त्याला फोन लाव.