मायट्रल झडप फुग्याने उघडल्यावर पुढे किती वर्षे चांगली जातात?

तुमच्या 26 वर्षांच्या बहिणीची हृदयातली अरुंद झालेली मायट्रल झडप फुग्याने उघडायचे ठरले आहे आणि हा उपाय कायमचा आहे का, असे तुम्ही विचारले आहे. कायमचा नाही, पण त्याने मिळणारा अवधी पुष्कळदा मोठा असतो. मी डॉक्टर नाही, फुगा आणि ऑपरेशन या दोन्हींतून गेलेली रुग्ण आहे.

निरोगी मायट्रल झडपेचे तोंड 4 ते 6 चौरस सेंटिमीटर असते. लहानपणी येऊन गेलेल्या संधिवाताच्या तापामुळे तिच्या पाकळ्यांच्या कडा एकमेकींना चिकटत जातात. जांघेतल्या शिरेतून नेलेला फुगा त्या कडा सोडवतो, पाकळ्यांचा जाडपणा मात्र तसाच राहतो. म्हणून ज्यांच्या पाकळ्या अजून लवचिक आहेत आणि त्यांत कॅल्शियम साठलेले नाही, त्यांना दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक मिळू शकतात. झडप आधीच कडक झाली असेल, तर ती लवकर पुन्हा अरुंद होते. टूडी एकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टमध्ये पाकळ्यांविषयी काय लिहिले आहे, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा.

माझी झडप 24व्या वर्षी फुग्याने उघडली. 13 वर्षांनी जिना चढताना पुन्हा धाप लागू लागली, तेव्हा यांत्रिक झडप बसवली. लोक तिला मेटलची म्हणतात, पाकळ्या मात्र कार्बनच्या आहेत. रात्री घर शांत झाले की तिची टिकटिक मला उशीवर ऐकू येते. ही झडप झिजत नाही म्हटले तरी चालेल, पण रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि माझा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, 2.5 ते 3.5 च्या दरम्यान राहावा लागतो. एकदा दात काढायचा म्हणून मी कोणालाही न विचारता पाच दिवस गोळी बंद ठेवली, तर तो 1.4 वर उतरला होता, आणि डॉक्टरांचे बोलणे मी मुकाट्याने ऐकून घेतले.

प्राण्याच्या ऊतींच्या झडपेला सहसा ही गोळी जन्मभर लागत नाही, पण ती साधारण 10 ते 15 वर्षे टिकते आणि तरुण वयात लवकर खराब होते. तरीही बहिणीला पुढे मूल हवे असेल, तर वॉरफरिन गर्भाला अपायकारक ठरू शकते, म्हणून हा विषय आताच काढा.

संधिवाताचा ताप पुन्हा येऊ नये म्हणून दिले जाणारे पेनिसिलिनचे इंजेक्शन फुग्यानंतरही चालूच राहते. मी ते अजून दर 21 दिवसांनी घेते. आमच्याकडे त्यासाठी कधी कधी तीन दुकाने फिरावी लागतात, म्हणून पुढची कुपी मी आधीच आणून ठेवते.