1 मे ला लहान मुलांसोबत घरच्या घरी महाराष्ट्र दिन कसा साजरा करावा? (मुलं 4 आणि 7 वर्षांची, उन्हामुळे बाहेर पडणं शक्य नाही)

फेटे, नऊवारी, नथ आणि फोटो याबद्दल तुम्ही विचारलंय, पण त्यावर माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. मे महिन्यात चार वर्षांच्या पोराच्या डोक्यावर फेटा बांधला की ते अर्ध्या तासात रडायला लागतं, आणि फोटो काढून झाला की दिवसही संपतो. त्यापेक्षा मुलांना जमिनीवर महाराष्ट्र मांडू द्या. आमच्याकडे हे दरवर्षी होतं आणि त्यातूनच आमच्या घरात एक मोठा वाद झालेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं माहेर बेळगाव, सासर पुणे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

हॉलमधल्या फरशीवर खडूने महाराष्ट्राचा नकाशा काढायचा. ॲटलस समोर ठेवून ढोबळ आकार आला तरी पुरे. मग मोठ्या मुलाला सीमेवरून रांगोळीची रेघ ओढायला लावायची आणि आत स्वयंपाकघरातली एकेक वस्तू आणून ठेवायची. कोकणात तांदूळ आणि आमसुलं, सोलापूरला ज्वारी, सांगलीला हळकुंड, तासगावला बेदाणे, कोल्हापूरला गुळाचा खडा, नाशिकला कांदा, जळगावला केळं, घोलवडला चिकू, लातूरला तूरडाळ, यवतमाळला समईच्या वातींचा कापूस. मे महिन्यात नागपुरी संत्रं मिळत नाही, तिथे संत्र्याची गोळी ठेवा, मुलं तिच्यावर लक्ष ठेवून बसतात. रत्नागिरीला खाऊन झालेल्या हापूसची कोय. आपण जेवतो ते कुठून येतं हे मुलांना हाताने कळतं. 36 जिल्ह्यांची नावं पाठ करून घेण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

माझी मुलगी पाच वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. आईने बेळगावहून कुंदा (तिथली दुधाची मिठाई) पाठवला होता. मुलगी डब्यातून कुंद्याचा एक गोळा घेऊन आली आणि म्हणाली, हा आजीच्या गावाला ठेवायचा. मी कोल्हापूरच्या खाली, चंदगडला लागून बोट ठेवलं. तिने तिथे गोळा ठेवला आणि बघत राहिली, कारण तो रांगोळीच्या रेघेच्या बाहेर पडला होता. तिने तो उचलला, रेघेच्या आत ठेवला. मी परत बाहेर ठेवला. मग तिने बोटाने रांगोळीच पुसायला घेतली, म्हणजे रेघ कुंद्याच्या खालून जाईल अशी. दादा ओरडला, "अगं नकाशा चुकतोय!" आणि तिने मला विचारलं, "आजी मराठी बोलते ना? मग ती बाहेर का?"

मी तिला तिथेच बसून सांगितलं. इंग्रजांच्या वेळी आजीचं गाव मुंबई इलाख्यात होतं. स्वातंत्र्यानंतर भाषेप्रमाणे राज्यं करायचं ठरलं आणि 1956 साली बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेलं. इकडे मराठी माणसांना मुंबईही मिळत नव्हती, गुजरात आणि महाराष्ट्र मिळून एकच राज्य केलं होतं. लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, माणसं मेली. मग 1 मे 1960 ला मुंबईसह महाराष्ट्र झाला, पण आजीचं गाव बाहेरच राहिलं. ती म्हणाली, "मग आजीला आज सुट्टी नाही?" मी म्हटलं, "आहे, पण ती कामगार दिनाची."

माझे मोठे दीर तेव्हा सोफ्यावर बसले होते. ते म्हणाले, "अगं, सणासुदीला एवढ्याशा पोरीला गोळीबार काय सांगतेस? राज्यगीत लाव, श्रीखंड-पुरी कर, झालं की." इथपर्यंत मी गप्प होते. मग ते म्हणाले, "आणि तसं बघायला गेलं तर तुझं गाव कर्नाटकात. तू कशाला एवढं मनावर घेतेस?"

मी म्हटलं, "भाऊजी, ज्यांना हे राज्य मिळालं ते विसरले तरी चालतं. आम्हाला मिळालं नाही, म्हणून आमच्या घरात 1 मे विसरत नाहीत." जेवणं झाली, पण त्यानंतर बराच काळ आम्ही या विषयावर बोललो नाही.

माझं आजही तेच मत आहे. बेळगावात 17 जानेवारीला हुतात्मा दिन पाळतात. तिथेही 1956 च्या जानेवारीत गोळीबारात माणसं गेली. 1 नोव्हेंबरला शेजारीपाजारी राज्योत्सवाचे (कर्नाटकच्या स्थापना दिनाचे) झेंडे लागतात आणि मराठी माणसं काळा दिवस म्हणून फेरी काढतात. मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून त्या फेरीत गेलेली आहे. कुणी मला "तू लहान आहेस, तुला सांगत नाही" म्हटलं नाही, आणि मला त्याची भीती कधी वाटली नाही. या सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल 1967 साली आला, तो महाराष्ट्राने मान्य केला नाही. 2004 पासून महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात आहे. माझे वडील निकालाची वाट बघत गेले. चंदगडची माणसं बाजाराला आजही बेळगावात येतात, त्यांच्या गाठोड्याला ती रेघ दिसत नाही. हे सगळं माहीत असलेल्या बाईला "तू कशाला मनावर घेतेस" म्हणायचं, हे मला पटत नाही आणि पटणारही नाही.

त्या संध्याकाळी आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "पोरीला सांग, कुंदा धाडायला रेघ आडवी येत नाही म्हणावं." मुलीने ते ऐकलं आणि पुढच्या वर्षी नकाशा काढताना तिने बेळगावची जागा स्वतः दाखवली, रेघेच्या बाहेरच. रेघ पुसायला गेली नाही. "इथे आजी राहते, ती महाराष्ट्रात नाही पण आपली आहे," असं तिने काकांनाच सांगितलं. काकांनी मान डोलावली. माझ्या दृष्टीने वाद तिथे मिटला, त्यांच्या दृष्टीने मिटला की नाही ते त्यांनी सांगितलेलं नाही.

तुमच्या सात वर्षांच्या मुलाला संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतले 106 हुतात्मे हा आकडा नक्की सांगा. मुंबईत हुतात्मा चौकात मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत, तो फोटो दाखवा आणि ते दोघेच का उभे आहेत हे त्याला ओळखायला लावा. चळवळीत गिरणी कामगार होते, शाहीर अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे होते. केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडून देणारे चिंतामणराव देशमुख होते. सात वर्षांच्या मुलाला राजीनामा म्हणजे काय ते समजतं. "त्यांना पटलं नाही म्हणून त्यांनी मोठी खुर्ची सोडली" एवढं म्हटलं की झालं.

1 मे हा कामगार दिनही आहे, आणि घरोघरी नेमका तोच राहून जातो. आपल्याला सुट्टी असते, पण कचरा न्यायला माणूस येतोच आणि वॉचमन उभाच असतो. मुलांकडून पन्हं करून घ्या (कैरी आपण उकडायची, गूळ-वेलची त्यांनी ढवळायची) आणि ग्लास त्यांच्याच हातून खाली पाठवा. चार वर्षांच्या मुलालाही हे जमतं, एवढंच की ग्लास अर्धा भरा.

झेंड्याचं विचारलंत. राज्याचा वेगळा झेंडा नाही, तिरंगाच लावायचा. प्लॅस्टिकचा आणू नका. कागदी असेल तर संध्याकाळी तो सोफ्याखाली जाणार नाही हे मुलांनाच बघायला सांगा. सकाळी शिवाजी पार्कवरचं संचलन टीव्हीवर लावा, मुलं पथकं आणि बँड बघत बसतात. ऊन उतरल्यावर खाली जाऊन ताम्हण शोधा, मे महिन्यात ते जांभळ्या फुलांनी भरलेलं असतं आणि आपलं राज्यफूल आहे. अनेक शहरांत रस्त्याकडेला लावलेलं सापडतं. शेकरूसाठी, म्हणजे आपल्या राज्यप्राण्यासाठी, मात्र भीमाशंकरसारख्या जंगलात जावं लागेल.

आता काही गोष्टी, ज्या आधीच सांगायला हव्या होत्या. चार वर्षांच्या मुलाला गोळीबाराचं सांगू नका, "लोकांनी खूप भांडून हे राज्य मिळवलं" इथेच थांबा. माझी मुलगी पाचची होती आणि तिने स्वतः विचारलं, म्हणून मी सांगितलं. भाऊजींचं तेवढं म्हणणं मला मान्य आहे. कन्नड माणसांबद्दल मुलांच्या मनात राग पेरू नका. माझ्या आईची सगळ्यात जवळची शेजारीण कन्नड आहे, आणि मी स्वतः कन्नड वाचते. गुजरातचाही स्थापना दिन 1 मे च आहे. तुमच्या इमारतीत गुजराती कुटुंब असेल तर पन्ह्याचा तांब्या त्यांच्याकडेही जाऊ द्या.

आणि नकाशाभोवती लहान मुलाला एकटं सोडू नका. तूरडाळ नाकात जाते, बेदाणा घशात अडकतो. कुंदा किंवा गूळ जास्त वेळ फरशीवर ठेवला तर मुंग्या येतात, म्हणून खाली वाटी ठेवा. नंतर सगळं धान्य एकत्र होतं, ते फेकू नका. मुलांना ताट देऊन निवडायला बसवा, उन्हाची दुपार त्यात निघून जाते.