सरकारी ऑर्डरसाठी ‘एससी महिला उद्योजक सर्टिफिकेट’ कुठून काढायचं?

प्रश्न असा आहे: “सोलापुरात अक्कलकोट रोडला माझं सहा शिलाई मशीनचं युनिट आहे. शाळेचे युनिफॉर्म शिवते. मी एससी आहे, जीएसटी मिस्टरांच्या नावावर आहे. सरकारी ऑर्डरला ‘एससी महिला उद्योजक’ सर्टिफिकेट लागतं म्हणून एक एजंट साडेसात हजार मागतोय. देऊ का?”

ताई, एक रुपयाही देऊ नका. तो म्हणतोय तसलं वेगळं सर्टिफिकेट नसतं. लागतं ते उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लहान उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी, आणि ते सरकारी साइटवर फुकट होतं. आधार, पॅन, जीएसटी नंबर आणि मोबाइलवर येणारा ओटीपी, संपलं. त्याच फॉर्ममध्ये प्रवर्ग आणि स्त्री की पुरुष हे विचारतात. तिथे जातीचा पुरावा कुणी मागत नाही, पण टेंडर उघडल्यावर खरेदीदार मागतो. म्हणून प्रांत कार्यालयाचा दाखला स्कॅन करून ठेवा. ओबीसी, एसबीसी, व्हीजेएनटीवाल्यांना केंद्राच्या सरकारी खरेदीतल्या कोट्यात काही नाही, तो फक्त एससी-एसटीचा आहे. आपल्या एमआयडीसीत निम्म्या लोकांचा इथेच गैरसमज असतो.

मीही एससीच, नऊ मशीन आहेत. माझं पहिलं उद्यम झेरॉक्सच्या दुकानात पाचशे रुपये देऊन काढलं. त्या पोराने ‘मेजर ॲक्टिव्हिटी’च्या रकान्यात ट्रेडिंग टाकलं. मी प्रिंट घेतली, लॅमिनेट केली, भिंतीला लावली, वाचली मात्र नाही. पुढे एका सरकारी कंपनीच्या हाउसकीपिंग युनिफॉर्मची बिड आली. लघुउद्योगाला ईएमडी, म्हणजे टेंडरसोबत भरायची अनामत रक्कम, माफ असते म्हणून आम्ही ती भरली नाही. आठ दिवसांनी पोर्टलवर डिस्क्वालिफाइड. कारण एका ओळीचं: बिडर व्यापारी आहे, सवलत लागू नाही. कापड कापून शिवून देणारा माणूस कागदावर व्यापारी! व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम मिळतं, पण ते बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरतंच. खरेदीतल्या सवलती माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला. तेव्हा तुमच्या फॉर्मवर मॅन्युफॅक्चरिंगच हवं आणि कपडे शिवण्याचा एनआयसी कोड (धंद्याचा प्रकार सांगणारा सरकारी नंबर), म्हणजे १४१०१, हवा. चुकलं असेल तर त्याच साइटवर दुरुस्तीही फुकट होते.

आता मिस्टरांच्या नावाचं. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात मालक कोण तेवढंच बघतात. आज कागदोपत्री मालक ते आहेत. तेही एससी असतील तर एससीचा फायदा मिळेल, महिलेचा नाही. भागीदारी केलीत तर एससी-एसटी भागीदारांचा वाटा किमान ५१ टक्के लागतो. युनिट खरंच तुम्ही चालवत असाल तर जीएसटी, करंट खातं, उद्यम सगळं तुमच्या नावावर नव्याने करा. बायकोचं नाव फक्त कागदाला आणि सह्या नवऱ्याच्या, हा प्रकार मी पुष्कळ पाहिलाय, तो करू नका. खरेदीदाराचा फोन आल्यावर कापडाचं ब्लेंड तुम्हालाच सांगता आलं पाहिजे.

कोट्याबद्दल फार आशा लावून बसू नका. २०१२ च्या खरेदी धोरणाप्रमाणे केंद्राच्या खात्यांनी आणि कंपन्यांनी वर्षभरातल्या खरेदीपैकी २५ टक्के सूक्ष्म आणि लघुउद्योगांकडून करायची. त्यात ४ टक्के एससी-एसटी मालकांकडून, ३ टक्के महिलांकडून. हे त्या खात्याचं वर्षाचं उद्दिष्ट, तुमच्यासाठी बाजूला ठेवलेलं टेंडर नव्हे. आपल्याकडे रेल्वेचा सोलापूर विभाग आणि फताटेवाडीचं एनटीपीसी यात येतात. महापालिका, झेडपी येत नाहीत, त्यांचे नियम राज्याचे.

दुसरी सवलत दराची. सगळ्यात कमी दर देणारा लघुउद्योग नसेल आणि तुमचा दर त्याच्यापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असेल, तर त्याच्या दराला उतरायची तयारी दाखवून तुम्हाला ऑर्डरचा २५ टक्के हिस्सा मिळू शकतो. ऐकायला झकास. पण युनिफॉर्मच्या बिडमध्ये सगळ्यात कमी दर देणारा बहुतेक वेळा अशोक चौकाकडचा आपलाच कुणी तरी असतो, तोही उद्यमवालाच. मग हा नियम लागूच होत नाही. शेवटी दरातच लढावं लागतं.

जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या ऑनलाइन पोर्टलवर, बिडचं पहिलं पान नीट वाचा. लघुउद्योगाला अनुभव आणि टर्नओव्हरची सूट, यापुढे येस की नो लिहिलेलं असतं. ही सूट खरेदीदाराच्या मर्जीची आहे. ‘नो’ असेल आणि तुमच्याकडे तीन वर्षांच्या ऑर्डरी नसतील तर वेळ घालवू नका. ईएमडी माफ असली तरी काम मिळाल्यावरची परफॉर्मन्स गॅरंटी, म्हणजे काम नीट करण्याची हमी, माफ नसते. जिथे ती मागितलेली असते तिथे बँक तेवढी रक्कम किंवा एफडी अडकवून ठेवते, त्याची तजवीज आधी करा.

पैसे अडकले तर कायदा आपल्या बाजूने आहे. माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवस, त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दर महिन्याला चक्रवाढ. तक्रार सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन करता येते. मी अजून केलेली नाही, कारण पुढची ऑर्डर खरेदीदाराच्या त्याच स्टोअरकडून (माल घेणाऱ्या विभागाकडून) हवी असते. तुम्ही काय करायचं ते तुम्ही ठरवा.

पहिली बिड सहा मशीनला झेपेल एवढीच घ्या. आमची पहिली ऑर्डर १२० ॲप्रनची होती. त्यातले १४ परत आले, खिशाची शिलाई तिरकी म्हणून. रात्री बसून ते उसवले, पुन्हा शिवले, सकाळी रिक्षात घालून नेऊन दिले, तेव्हा कुठे स्टोअरवाल्याने स्वीकृती टाकली आणि बिल पुढे सरकलं.