ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे (सॉकर नव्हे, तिथला वेगळा खेळ) क्लब आपल्या जुन्या खेळाडूंची आठवण कशी जपतात?

मुख्यतः जर्सीच्या नंबरातून. सचिननंतर आपल्याकडे १० नंबर बाजूलाच ठेवला गेला. तिथे बहुधा उलट चालतं, नंबर पुढच्याच्या पाठीवर जातो. अनेक क्लबांत ड्रेसिंग रूममधल्या लॉकरवर तो नंबर घालून गाजलेल्यांची नावं रंगवलेली असतात. नवा पोरगा बूट ठेवायला लॉकर उघडतो तेव्हा आधी ती यादीच समोर येते.

मला सर्वांत भिडणारा नंबर मेलबर्न क्लबचा ३१. रॉन बरासी (थोरले) तो घालून खेळायचे. १९४० च्या विजेत्या संघात होते, १९४१ मध्ये लिबियातल्या तोब्रुकला युद्धात मारले गेले. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा. पुढे तोही रॉन बरासीच, त्याच क्लबात, तोच ३१ नंबर, आणि मेलबर्नसाठी सहा विजेतेपदं! एमसीजीबाहेर या धाकट्या बरासींचा पुतळा आहे. क्रिकेट बघायला जाणारे आपले लोक बहुतेक त्याच्याजवळून न ओळखता पुढे जातात.

पण क्लबच उरला नाही तर? मेलबर्न शहरातल्याच फिट्झरॉय क्लबचं तसंच झालं. १९९६ च्या मोसमानंतर तो ब्रिस्बेन बेअर्समध्ये विलीन झाला आणि ब्रिस्बेन लायन्स तयार झाले. चिन्हातला सिंह फिट्झरॉयचा. फिट्झरॉयचे जुने मेलबर्नकर चाहते मात्र अजूनही हेडन बंटनचीच नावं घेतात (मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी तीन ब्राउनलो पदकं: १९३१, १९३२, १९३५), नाहीतर ३३३ सामने खेळलेल्या केव्हिन मरेची. काही जण तर रुसून बसले, ब्रिस्बेनला आपलं मानलंच नाही.