जुन्या एमजीबीत थंड वारा नेमका कोठून येतो?

इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या एमजीबी या छोट्या स्पोर्ट्स गाड्यांपैकी पुष्कळ गाड्या ब्रिटनमध्ये आजही हौसेने चालवल्या जातात. हिवाळा सुरू झाला की त्यांच्या मालकांची एकच तक्रार येऊ लागते : गाडीत थंडी वाजते. त्याविषयीचे चार प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : माझ्या १९६६ च्या एमजीबी रोडस्टरमध्ये चालवणाऱ्याच्या पायांवर सतत गार वारा येतो. दारांची सर्व रबरे नवी बसवली, तरी फरक पडला नाही. आता काय तपासावे?

दारांच्या रबरांवर बहुतेकांचा पहिला संशय जातो, परंतु पायांना लागणारा वारा बहुधा तेथून येत नाही. गाडी वेगात असताना रेडिएटरमधून शिरलेल्या हवेमुळे इंजिनच्या कप्प्यातील दाब वाढतो आणि हूड (घडीचे कापडी छप्पर) चढवलेल्या केबिनमधील दाब मात्र कमी राहतो; त्यामुळे या दोहोंमधील पत्र्याला जेथे जेथे भोक असेल, तेथून हवा आत ढकलली जाते. त्या पत्र्यातून स्टिअरिंगचा दांडा, पेडल, वायरिंगची जुडी, चोकची आणि ॲक्सिलरेटरची केबल अशा कितीतरी गोष्टी आरपार जातात, आणि त्यांच्याभोवतीचे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसवलेली कडी) इतक्या वर्षांत वाळून तडकलेले असतात. आधीच्या एखाद्या मालकाने रेडिओसाठी पाडलेले भोक तसेच उघडे राहिलेलेही मी अनेकदा पाहिले आहे. तुमच्या गाडीच्या काळात गिअरबॉक्सचे तेल मोजण्याची पट्टी दोन आसनांमधल्या बोगद्यावरील (गिअरबॉक्स झाकणाऱ्या उंचवट्यावरील) भोकातून काढावी लागे. कार्पेट उचलून त्या भोकाचे रबरी बूच जागेवर आहे का, हे सर्वांत आधी पाहा. पाच मिनिटांचे काम आहे आणि ते बूच हरवलेले असण्याची शक्यता बरीच असते.

यानंतर हीटरची परीक्षा घ्या. त्याची ताजी हवा विंडस्क्रीनच्या पुढील जाळीतून येते आणि नेमक्या त्याच जागी वाऱ्याचा दाब मोठा असल्यामुळे, पंखा बंद असला तरी, झडपा नीट मिटत नसतील तर हवा आत येतच राहते. हीटर बंद करून जाळीवर कागदी चिकटपट्टी लावा आणि नेहमीच्या रस्त्याने नेहमीच्या वेगाने एक फेरी मारा. वारा थांबला तर दोष झडपांच्या झिजलेल्या फोमचा आहे. न थांबल्यास भोके शोधावीत. त्यासाठी रात्री एकाने कार्पेट काढलेल्या गाडीत बसावे आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून पत्र्यावर प्रखर टॉर्च फिरवावा. जेथून प्रकाश दिसेल, तेथे खडूने खूण करावी.

प्रश्न : उदबत्तीच्या धुराने फट सापडते असे ऐकले आहे. हे करून पाहावे का?

पेट्रोलची वाफ असण्याची शक्यता असलेल्या कार्बोरेटरच्या गाडीत पेटती वस्तू नेऊ नये. शिवाय उभ्या गाडीत वेगामुळे निर्माण होणारा दाब नसल्यामुळे धूर हलणारच नाही. त्याऐवजी काच किंचित खाली करून त्या फटीतून ब्लोअरने हवा आत भरावी, उरलेली फट कापडाने बंद करावी आणि बाहेरील सांध्यांवर साबणाचे पाणी फवारावे. गळती असेल तेथे बुडबुडे येतात. चालत्या गाडीत शोध घ्यायचा असल्यास संशयाच्या जागी लोकरीचे बोटभर धागे चिकटवावेत आणि ते पाहण्याचे काम शेजारी बसलेल्या व्यक्तीला द्यावे.

प्रश्न : हीटरची हवाच कोमट येते. हाही फटींचाच परिणाम असेल का?

नाही. इंजिन तापल्यावर हीटरचे दोन्ही नळ हाताला गरम लागतात का, हे पाहा. एकच गरम असेल तर पाण्याचा व्हॉल्व्ह किंवा हीटरच्या आतील गरम पाण्याची जाळी (मॅट्रिक्स) तुंबली आहे. दोन्ही कोमट असतील तर थर्मोस्टॅट बदला. ८२ अंशांऐवजी ८८ अंश सेल्सिअसचा थंडीत अधिक उपयोगी पडतो.

प्रश्न : हूड आणि काचा बंद असताना मागून मानेवर वारा येतो आणि कधीकधी धुराचा वासही येतो. दाराच्या पुढच्या कोपऱ्यातील त्रिकोणी काच थोडी उघडली तर वास जाईल का?

कृपया ती उघडू नका. त्या काचेमुळे केबिनमधील हवा बाहेर ओढली जाते आणि तिची जागा भरण्यासाठी मागून आणखी हवा आत येते. गाडीच्या मागे कमी दाबाचा पट्टा तयार होतो व सायलेन्सरमधून निघालेला धूर तेथेच घोटाळतो. डिकीचे रबर सैल असेल तर तो डिकीत आणि तेथून आसनांच्या मागील फटींतून तुमच्यापर्यंत पोहोचतो. या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, म्हणून वास कमी झाला याचा अर्थ धोका टळला असा होत नाही. गाडी चालवणे तूर्त थांबवा. प्रथम एक्झॉस्टचे सर्व सांधे तपासून घ्या. मग डिकीच्या झाकणात कागदाची पट्टी धरून ती ओढून पाहा. जेथे ती सहज सुटेल, तेथील रबर बदलावे लागेल. मागच्या दिव्यांची गॅस्केटे, डिकीच्या तळाची रबरी बुचे आणि वायरिंगची भोके यांकडेही तितकेच लक्ष द्या. दुरुस्तीनंतर पहिल्या काही फेऱ्यांत बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आसनांच्या मागे ठेवा.